तलवारीचं वजन चोरणाऱ्यास

प्रति,
भव्यदिव्य तलवारपटांचे निर्माते-दिग्दर्शक साहेब,
मुंबई, हैदराबाद, जिथं असाल तिथं.



हे पत्र यावलहून लिहितो आहे. जळगाव जिल्हा, सातपुड्याच्या पायथ्याचा तालुका, केळीचा मुलूख. तुमचा सिनेमा मोठ्या पडद्यावर बघायचा तर आम्ही तापी ओलांडून भुसावळला नाहीतर जळगावला जातो. पोरांना आधीपासून वेध लागलेले असतात, कारण तुमची जाहिरात मोबाइलवर त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. गाडीभाडं, तिकिटं, मध्यंतरातलं खाणं, हे सगळं धरलं तर मजुराच्या घरात हा खर्च दहादा विचार करून होतो. पैसे मोजलेत, म्हणून जाब विचारतो आहे.

माझा आरोप चोरीचा आहे. तुम्ही तलवारीचं वजन चोरलंत.

तुमच्या ताज्या सिनेमातली शेवटची लढाई घ्या. नायक कड्यावरून उडी घेतो, हवेत गिरक्या घेत खाली येतो, पात्यातून निळा जाळ निघतो आणि समोरची शे-दीडशे माणसं एका फटक्यात आडवी होतात. मग पुन्हा तेच, दुसऱ्या बाजूनं, संथ गतीत. लढाई संपेपर्यंत नायकाचा श्वास एकदाही फुलत नाही. कोपर खाली येत नाही. पातं कुणाच्या ढालीत अडकत नाही, मूठ घामानं सरकत नाही. पाय टेकतो तेव्हा धूळ उडते, पण ती त्या पायानं उडालेली वाटत नाही. थेटरातली पोरं ही लढाई चालू असताना मध्येच उठून पाणी प्यायला बाहेर गेली. ज्या लढाईसाठी ती आली होती, तीच ही लढाई.

खरी तलवार साधारण किलोभराची असते. किलो म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. साखरेची किलोची पिशवी घ्या, हात खांद्याच्या रेषेत लांब करा आणि घड्याळ बघा. खांदा कधी बोलायला लागतो ते तुमचं तुम्हाला कळेल. आता तोच हात फिरवायचा आहे, समोरचा माणूस जिवावर उठलेला आहे आणि पायाखाली दगडधोंडे आहेत. तलवारबाजी म्हणतात ती याला. दांडपट्टा तर त्याहून अवघड. त्याची लोखंडी मूठ कोपरापर्यंत हात गिळून टाकते, मनगट वळवायची सोयच राहत नाही, म्हणून पट्टा फिरवणाऱ्याला कंबरेतून आणि खांद्यातून सगळं अंग फिरवावं लागतं. कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळांच्या आखाड्यांत आजही हे शिकवलं जातं. २०२४ साली शिवजयंतीला महाराष्ट्र सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. तुमच्या नायकाच्या हातात दांडपट्टा होता, पण त्याचं मनगट भोवऱ्यासारखं फिरत होतं. ते शस्त्र कसं धरतात हे विचारायला तुमच्यातलं कुणी कोल्हापूरपर्यंतही गेलं नाही.

वजन म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. केळीच्या बागेत कापणी चालू असताना कधी येऊन बघा. एकजण खोडावर विळ्यानं तिरपा घाव घालतो, घड झुकायला लागतो आणि दुसरा तो भुईला लागायच्या आत खांद्यावर झेलतो. वीस-पंचवीस किलोंचा घड टेकला की त्या माणसाचे गुडघे किंचित वाकतात, तोंडातून हवा सुटते, मान एका अंगाला कलते. मग तो सरळ होतो आणि ओल्या मातीतून जपून पावलं टाकत बांधापर्यंत जातो. हे रोज करणाऱ्या माणसाला तुम्ही हत्ती पेलणारा नायक दाखवता आणि त्या नायकाचे गुडघे वाकत नाहीत. आमच्या डोळ्यांना ही लबाडी लगेच कळते. तुम्हाला वाटतं, खेड्यातला प्रेक्षक, चकचकाट पाहिला की खूश. खेड्यातल्या प्रेक्षकाला ओझं तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

चमत्काराला आमची ना नाही. खान्देशात गावोगाव बारागाड्या ओढतात. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, बैल एकही नाही, गाड्यांत माणसं खचाखच भरलेली, आणि ओढणार कोण, तर अंगाला हळद लावलेला भगत आणि त्याचे बगले, म्हणजे साथीदार. गाड्या हलायच्या आधी एक क्षण असा येतो की सगळं गाव गप्प होतं. दोर ताणला जातो, चाकं करकरतात, भगताच्या पोटऱ्या थरथरतात, आणि मग पहिली गाडी हलते. देवाची कृपा म्हणा, जोर म्हणा, ज्याला जे म्हणायचं ते म्हणू द्या. पण गाड्या खऱ्या असतात, चाकाखाली माणूस आला तर जायबंदी होतो, म्हणून त्या हलल्या की अंगावर काटा येतो. तुमच्या सिनेमात बारा गाड्याच काय, बारा किल्ले हलले. काटा आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा गावठी माणूस तंत्राच्या विरोधात आहे. अजिबात नाही. आपल्या सिनेमाचा जन्मच मुळी हातचलाखीतून झाला आहे. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करायचे, आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावानं. १९१२ साली त्यांनी कुंडीतला वाटाणा उगवताना चित्रित केला, एकेक चित्र थांबून थांबून घेत. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांनी आपल्या मुलीला, लहानग्या मंदाकिनीला, कृष्ण केलं. त्या सिनेमाच्या सुरुवातीला ते आधी तिचा साधा चेहरा दाखवतात, त्यावरचे भाव बदलताना दाखवतात आणि मग ती कृष्ण होते. ही आमची पोर आहे, आता ती देव होणार आहे, बघा, असं सांगून ते चमत्कार करतात. पाण्यातला नाग बनावट आहे हे आजही बघताना कळतं. तरी ती पोर त्याच्याशी झोंबते तेव्हा तिचे हातपाय खरोखर झोंबतात, आणि शंभर वर्षं होऊन गेली तरी नजर हटत नाही.

बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला. रात्रीची लढाई चित्रित करण्यासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. आपल्याकडे ते तेव्हा नवीन होतं. कॅमेरासुद्धा पेंटरांनी स्वतः घडवलेला. त्यात शेलारमामा झाला होता कोवळा शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. या लोकांकडे तुमच्या सिनेमाच्या चहापाण्याएवढाही पैसा नव्हता.

परदेशातलंच हवं असेल तर तेही घ्या. रे हॅरीहाउसेन यांनी १९६३ च्या ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’मध्ये तीन माणसांना सात सांगाड्यांशी तलवारीनं लढवलं. पडद्यावर काही मिनिटांचा खेळ, पण बाहुल्या तसूतसूनं हलवत तो चित्रित करायला चार महिन्यांहून जास्त लागले. नटांनी आधी खऱ्या तलवारबाजांशी सराव केला, मग ते तलवारबाज बाजूला झाले आणि नट मोकळ्या हवेशी त्याच हिशेबानं लढले. म्हणून सांगाड्याचा घाव ढालीवर बसतो तेव्हा तो बसलासा वाटतो. अँग ली यांच्या २००० सालच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’मध्ये माणसं बांबूच्या शेंड्यांवर तलवारी घेऊन झुलतात. नट खरोखर तारांना लटकवले होते, आणि संगणकाचं काम होतं त्या तारा पुसायचं. बांबू वाकतो, माणूस त्याच्याबरोबर खाली येतो, पुन्हा वर जातो. उडणाऱ्या माणसालाही तिथं वजन आहे. आपल्या इथलं बघायचं तर एस. एस. राजामौली यांच्या ‘बाहुबली’त (२०१५) नायक शिवलिंग उखडून खांद्यावर घेतो. शक्य आहे का ते? नाही. पण आईची दमछाक थांबावी म्हणून तो ते उचलतो आणि उचलताना त्याच्या मानेच्या शिरा ताठ होतात. आमच्या थेटरात तेव्हा पोरं पाणी प्यायला उठली नव्हती.

म्हणजे पैसा आणि संगणक हे गुन्हेगार नाहीत. गुन्हेगार तुम्ही आहात. तुम्ही नटाच्या हातात नुसती मूठ देता, पातं नंतर चिकटवता. लढाई कुठं होणार, कुणाशी होणार, नायकाला कुठं लागणार, हे शूटिंगच्या दिवशी तुम्हालाच माहीत नसतं. ‘ते पुढं बघून घेऊ’ हे तुमचं ब्रीद. संगणकावर ‘पुढं बघायला’ बसलेल्या पोरांनी बिचाऱ्यांनी काय करावं? जिथं मूळ हालचालीतच जोर नाही, तिथं ती ठिणग्या टाकतात, धूर टाकतात, वीज टाकतात.

आता तुमच्या विनोदाकडे येतो, कारण तो मला लढाईपेक्षा जास्त लागला.

आमच्या यावलला महर्षी व्यासांचं मंदिर आहे. व्यासांची मंदिरं देशात फार थोडी. गुरुपौर्णिमेला इथं लांबलांबून माणसं येतात, रांगा लागतात. ज्यानं जगातली सगळ्यात मोठी शस्त्रकथा सांगितली, त्याच्या गावात आम्ही राहतो, असं आम्ही मानतो. म्हणून तुम्हाला त्याच कथेतला एक प्रसंग नीट वाचायला सांगतो. चातुर्मासात ‘पांडवप्रताप’ ऐकलेल्या कुठल्याही म्हातारीला विचारलंत तरी ती सांगेल.

विराटपर्व. राजा विराट एका बाजूला लढायला गेलेला आणि दुसऱ्या बाजूनं कौरव येऊन गाई हाकून नेतात. घरात उरलाय राजपुत्र उत्तर. तो अंतःपुरात बायकांसमोर बढाया मारतो, सारथी तेवढा नाही, नाहीतर कौरवांची दाणादाण उडवली असती. मग बृहन्नडा, म्हणजे नाच शिकवायला राहिलेला अर्जुन, सारथी व्हायला तयार होतो. चिलखत कसं घालतात हे ठाऊक नसल्याचं सोंग करून तो ते उलटंसुलटं अंगावर चढवतो आणि पोरी हसतात. राजकन्या उत्तरा त्याला सांगते, आमच्या बाहुल्यांसाठी कौरवांची झुळझुळीत वस्त्रं घेऊन ये. रथ निघतो. समोर अफाट सेना दिसते आणि उत्तराच्या अंगावर शहारे येतात. तो रथातून उडी टाकून पळत सुटतो. त्याच्या मागे वेणी आणि लाल वस्त्रं उडवत बृहन्नडा धावते, आणि समोर उभे असलेले सैनिक ते बघून हसतात. अर्जुन त्याला केस धरून पकडतो. उत्तर गयावया करतो, सोनं देतो, रत्नं देतो, हत्ती देतो, पण मला सोड.

आणि हे हसू ओठावर असतानाच व्यास आपल्याला शमीच्या झाडाखाली नेतात. वर शस्त्रं बांधून ठेवलेली, लोकांनी जवळ येऊ नये म्हणून झाडाला प्रेत टांगलेलं. उत्तर चाचरत वर चढतो, गाठी सोडतो आणि आतली शस्त्रं सूर्यासारखी झळाळतात. तो एकेका शस्त्राबद्दल विचारतो. हे धनुष्य कुणाचं, ही तलवार कुणाची, ही रुंद म्यान कुणाची. अर्जुन एकेकाचा धनी सांगतो. ज्याच्या हाताला त्या तलवारीची मूठ सवयीची आहे त्याचं नाव घेतलं जातं आणि तलवार जड होत जाते. पुढं लढाई होते, संमोहनास्त्रानं सेना मूर्च्छित पडते, आणि त्या मूर्च्छित महारथ्यांची वस्त्रं उत्तर गोळा करतो, पोरींच्या बाहुल्यांसाठी. एवढ्या दिव्य अस्त्राच्या शेवटी बाहुलीचे कपडे! यातलं काय तुमच्या सिनेमात नाही? सगळं आहे. दिव्य शस्त्र आहे, भित्रा सोबती आहे, सोंग आहे, मायेची लढाई आहे. पण व्यासांचा उत्तर का पळतो? कारण मरण समोर आहे. त्याला शस्त्राचं वजन कळतं, म्हणून तो हास्यास्पद होतो, आणि तेच वजन त्यानं हातात घेतलं की तो माणूस होतो. त्याच दिवशी तो अर्जुनाचा रथ हाकतो.

तुमच्या सिनेमातला विनोदी सोबती सुरुवातीला पडतो, मध्यंतराच्या आधी पडतो, शेवटीही पडतो. जाडा आहे म्हणून हसा, बोबडा बोलतो म्हणून हसा. लढाईत त्याला काही होत नाही, कारण तिथं कुणालाच काही होत नाही. नायकाला मरणाची भीती नाही, कारण पुढच्या भागाची जाहिरात आधीच झालेली आहे. मग आम्ही कशाला घाबरायचं आणि कशातून सुटल्याचं हसायचं?

तमाशातला सोंगाड्या बघितलात कधी? राजाच्या हातात बेगड लावलेली लाकडी तलवार असते आणि सोंगाड्या त्याच राजाला तोंडावर चार गोष्टी सुनावतो. तलवार लाकडाची असते, सुनावणं खरं असतं. दादा कोंडक्यांनी गाजवलेलं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य त्यावरच उभं राहिलं. महेश कोठारे यांनी ‘धडाकेबाज’मध्ये (१९९०) लक्ष्मीकांत बेर्ड्यांना बाटलीत घातलं आणि ‘झपाटलेला’मध्ये (१९९३) रामदास पाध्यांच्या बाहुल्याला खलनायक केलं. तात्या विंचू बाहुला आहे, हे लेकरांना माहीत होतं. तरी रात्री ती पांघरूण डोक्यावर ओढून झोपायची. कुणीतरी तो बाहुला हातानं हलवत होतं आणि तो हात पडद्यावर पोचत होता.

आणि उसना विनोद अंगाशी कसा येतो, तेही ताजं आहे. २०२३ च्या जूनमध्ये ‘आदिपुरुष’ आला. त्याआधी झलक बघून लोकांनी त्यातल्या संगणकी चित्रांवर तोंडसुख घेतलं, म्हणून सिनेमा जानेवारीवरून जूनवर ढकलला होता. चित्रं सुधारायला महिने मिळाले. पण आल्यावर गाजले ते हनुमानाच्या तोंडचे टपोरी संवाद, आणि चालू सिनेमातले ते संवाद काही दिवसांत बदलावे लागले. पैसा चित्रांवर गेला, तोल गेला वाक्यांवर.

आता पैशाविना काय होतं ते बघायला मालेगावकडे वळतो. जिल्हा नाशिक असेल, पण बाजारानं आणि बोलीनं मालेगाव आम्हाला खान्देशाचंच वाटतं. तिथं नासिर शेख नावाचा माणूस व्हिडिओ पार्लर चालवायचा. त्यानं २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, गल्लीतल्या दोस्तांना घेऊन, पन्नासेक हजारांत. पुढं त्यानं ‘मालेगाव का सुपरमॅन’ करायला घेतला. सुपरमॅन कोण, तर यंत्रमागावर काम करणारा काडीपैलवान शफीक शेख. त्याला उडवायचा कसा? हिरवं कापड लावून. क्रेन नाही, तर बैलगाडीची क्रेन. कॅमेरा हलता हवा, तर सायकल. चित्रीकरणात कॅमेरा पाण्यात पडला आणि काम अडलं. हे सगळं फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात दिसतं. जमलं तर आज रात्रीच बघा. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५ च्या फेब्रुवारीत थेटरांत आला, तोही याच माणसांवरचा.

त्या माहितीपटातला शफीक मला विसरता येत नाही. अंगात मापाचा नसलेला पोशाख, तो हवेत आडवा, दोन्ही हात पुढे, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता आपण खरंच उडतो आहोत. त्याला तोलून धरणाऱ्या दोस्तांचं हसू आवरत नाही, त्याचं मात्र लक्ष सगळं उडण्याकडे. यंत्रमागाच्या पाळीनंतर उरलेला दम तो त्यात ओततो. पुढं कर्करोगानं तो गेला. तो उडाला हे मी मान्य करतो, साहेब. तुमचा नायक उडाला हे मान्य करत नाही.

मी गरिबीचं कौतुक करत नाही. नासिरला तुमच्यासारखी साधनं मिळायला हवी होती, आणि शफीकला दवाखान्याचा खर्च परवडायला हवा होता. पण पैसा नसतानाही त्यांनी जे राखलं, ते पैसा असून तुम्ही घालवलंत, याचा मला राग आहे.

शेवटची चोरी नावांची. तुमच्या त्या लढाईला वीस मिनिटं धरा. सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे २८,८०० चित्रं. त्यातल्या कितीतरी चित्रांत नटाच्या अंगाची कड कुणीतरी हातानं आखून काढली आहे, केस, बोटं, उडणारा शेला, सगळं. या कामाला रोटो म्हणतात, आणि जगभरच्या सिनेमांचं हे काम मोठ्या प्रमाणात आपल्या देशातली पोरं करतात. त्यांत आमच्यासारख्या गावांतून ॲनिमेशन शिकायला पुण्या-मुंबईला गेलेलीही आहेत. रात्र-रात्र बसून डोळे लाल होतात. सिनेमा संपल्यावर त्यांची नावं इतक्या बारीक अक्षरांत आणि इतक्या वेगानं सरकतात की आईला पोराचं नाव दिसत नाही, आणि कितीकांची नावं येतच नाहीत. २०१३ साली ‘लाइफ ऑफ पाय’ला दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं, आणि तो वाघ घडवणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’ कंपनीनं त्याच फेब्रुवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला होता. तिची कार्यालयं मुंबई आणि हैदराबादलाही होती. टाळ्या तुमच्या आणि दिवाळं त्यांचं, हा हिशेब तुमच्या धंद्यात नवा नाही.

तुम्ही पुढचा भाग जाहीर केला आहे. त्याच्या शूटिंगआधी एवढं करा. नायकाला तीन महिने आखाड्यात पाठवा, वस्तादाच्या हाताखाली, आणि त्याच्या हाताला घट्टे पडल्याशिवाय कॅमेरा लावू नका. त्याच्या हातात पुरं पातं असलेली, किलोभराची तलवार द्या. धार नसली तरी चालेल. लढाईत त्याला एकदा तरी दमू द्या, एकदा तरी चुकू द्या, आणि त्या चुकीची किंमत कुणाला तरी मोजावी लागू द्या. विनोदी सोबत्याला घाबरायला खरं कारण द्या आणि एकदा तरी त्याच्या हातात लगाम द्या. कड आखणाऱ्या पोरापोरींचे पैसे वेळेवर द्या आणि त्यांची नावं वाचता येतील अशा अक्षरांत दाखवा. तेवढा वेळ आम्ही बसून राहू.

हे केलंत तर यावलहून आम्ही पोराबाळांसकट तिकीट काढून येऊ. नाही केलंत तर तुमच्या पुढच्या भागाला या घरातून कुणी येणार नाही, आणि गल्लीत विचारतील त्यांनाही मी हेच सांगेन.

आपला,
यावलचा एक प्रेक्षक